वन्समोअर : संगीत रंगभूमीवरील प्रेक्षकांच्या आग्रहाचा शब्देतिहास

मराठी संगीत रंगभूमीसंबंधी जे विपुल लेखन झाले आहे त्यात नाटककार आहेत, नट आहेत, चाली देणारे आहेत. प्रेक्षक मात्र बहुधा ‘रसिक’ ह्या एका गौरवपर शब्दाने आटोपलेला दिसतो. ही रसिकता जशी उदार होती तशीच हट्टी, त्रासदायक आणि क्वचित निर्दयही होती. नटांनी लिहिलेल्या आठवणींत हा भाग हात राखून येतो. ज्यांच्या तिकिटांवर कंपनी चालली त्यांच्याविषयी कटू लिहिणे नटाला जड जावे, हे स्वाभाविकच होय. भाषा अशी भीड धरीत नाही. म्हणून त्या काळी रूढ झालेल्या शब्दांकडून ह्या विषयाकडे गेलेले बरे.

‘वन्समोअर’ हा शब्द घ्यावा. आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावण्याची ही आरोळी. अशा प्रसंगी इंग्रज प्रेक्षक ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द वापरतो. खुद्द फ्रेंच प्रेक्षक तो न वापरता ‘बिस’ असे लॅटिनमध्ये ओरडतो. मराठी प्रेक्षकाने इंग्रजीतून उचललेले शब्द इंग्रजांच्या नाटकगृहात ह्या कामी रूढ नाहीत. उसन्या शब्दांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते, त्यामुळे त्याचे फारसे आश्चर्य नको. विशेष आहे ते त्याच्या मराठीतील व्याकरणात. मूळ क्रियाविशेषणात्मक पदबंध मराठीत येताच पुल्लिंगी नाम झाला. त्याची मोजदाद होऊ लागली, ‘तीन वन्समोअर झाले’ असे लोक बोलू लागले. त्याला जोडून येणारी क्रियापदे तर अधिकच बोलकी आहेत. इंग्रजीत गायक ‘आंकोर’ देतो आणि श्रोत्यांना ते मिळते. मराठीत दिशा नेमकी उलटी. प्रेक्षक वन्समोअर ‘देतात’, नट तो ‘घेतो’, पदाला तो ‘मिळतो’. घसा ताणून दुसऱ्यांदा गावयाचे नटाने आणि दातृत्व प्रेक्षकाचे! ही उलटापालट केवळ बोलण्याची लकब मानता येत नाही. तिच्यामागे रंगभूमीच्या आश्रयाचा इतिहास आहे, आणि तो सांगलीपासून सुरू होतो.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने व आश्रयाने. त्या प्रयोगाचा खरा प्रेक्षक एकच होता. इतर मंडळी त्याच्यासोबत बसलेली. पसंतीचे चिन्ह म्हणून तो जे देई ते वस्त्र, पागोटे किंवा द्रव्य ह्या रूपाचे असे. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ मध्ये मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी तिकीट घेणारा समाज आला. व्यवहार बदलला, तरी संबोधन बदलले नाही. दात्याला आणि सरकारला लावावयाचे ‘मायबाप’ हे पद नटमंडळींनी ह्या नव्या प्रेक्षकाला लावले. ज्याला मायबाप म्हटले त्याने मायबापाचे अधिकार गाजवावे, ह्यात नवल ते काय? चार आण्यांचे तिकीट घेणाऱ्यापाशी देण्याजोगे पागोटे नव्हते. त्याच्यापाशी आरोळी होती आणि तीच तो देऊ लागला. तमाशातील दौलतजादा ह्या देण्याचा जवळचा आप्त म्हणावा लागेल. तेथेही प्रेक्षकाने पैसा दिला की त्याच्या फर्माइशीसाठी खेळ थांबे.

मंडळ्यांच्या नावांतही हाच पालट उमटला आहे. भाव्यांच्या मागोमाग निघालेल्या मंडळ्या सांगलीकर, इचलकरंजीकर, अळतेकर अशा गावांच्या नावाने ओळखल्या जात. गणपतराव जोशी यांच्या ‘हॅम्लेट’मुळे गाजलेल्या मंडळीनेही ‘शाहूनगरवासी’ ह्या नावात साताराच मिरविला. ही मंडळी गद्य नाटकांची; तेथे पुन्हा म्हणावयाचे पद नसल्यामुळे प्रेक्षकाच्या आवडीला वेळेची मर्यादा आपोआप पडे. पुढे किर्लोस्कर, गंधर्व अशी व्यक्तींची नावे मंडळ्यांना आली. गावाचा अभिमान नटाच्या अभिमानात जिरला. ‘गंधर्व’ हे पद तर प्रत्ययासारखे चालू लागले : बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व. ह्यांतील छोटा गंधर्व, म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या भाडळ्याचे. बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे. ते आज सांगली जिल्ह्यात मोडते. (१९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) देवल सांगलीलगतच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. कृष्णाकाठच्या प्रेक्षकाला ही रंगभूमी आपल्या घरची वाटे, आणि घरच्या माणसाशी माणूस ज्या हक्काने वागतो त्या हक्काने तो तिच्याशी वागे.

ह्या हक्काची किंमत प्रथम नाटकाने मोजली. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत, ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ ह्यांत ती पन्नासाच्या आसपास आली. तरीही रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नसे, कारण पद एकदा म्हणून सुटका नव्हती. संवादाने चढत आणलेला भाव पदात शिगेला पोहोचावा आणि तेथून कथा पुढे सरकावी, अशी नाटककाराची योजना. शोक करणाऱ्या सुभद्रेला प्रेक्षकांनी दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा शोक करावयास लावले म्हणजे ती सुभद्रा उरत नाही; तिच्या वेषातला गवई तेवढा उरतो. मिरजेसारख्या ठिकाणी अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य, तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिरांची वस्ती. त्या परिसरातील श्रोता तयार कानाचा. त्याला प्रत्येक आवर्तनात नवी जागा हवी असे. हा श्रोता अडाणी होता म्हणून नाटक अडले, असे म्हणता येत नाही. त्याची जाण खरी होती, म्हणूनच त्याला आवरणे कठीण होते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले तेव्हा नव्या नाटकाने पदांची संख्या कमालीची घटविली. त्यामागे बोलपटाची स्पर्धा होती, इब्सेनचा प्रभाव होता. परंतु कथेला पदाच्या तावडीतून सोडविण्याची गरज होती, हेही विसरता येत नाही.

प्रेक्षकांच्या पक्षपाताची जाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसाव्या अध्यायात सिद्धींचा विचार आहे. ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार आणि मोठा गजर ह्यांना तेथे यशाच्या खुणा मानले आहे. वस्त्रे देणे हीही त्यांतलीच एक. पण त्याच अध्यायात ‘घात’ही सांगितले आहेत. त्यांतील परक्यांमुळे उद्भवणारे घात मत्सर, द्वेष आणि पक्ष घेणे ह्यांतून होतात, असे म्हणून शेण, ढेकळे, एवढेच काय मुंग्या फेकण्यापर्यंतची नोंद तेथे आहे. मुंग्यांची कल्पना किर्लोस्करी काळातील कोणाला सुचली नाही हे नटांचे भाग्य. तथापि भरताने ज्याचा विचार केला नाही असा एक घात संगीत रंगभूमीने पाहिला : गजर आणि घात एकाच कंठातून, एकाच वेळी, आणि तोही प्रेमापोटी.

पक्ष अर्थात पडलेच. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिच्यासमोर केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ होती, आणि १९१८ नंतर दीनानाथ मंगेशकरांची ‘बलवंत’. दीनानाथांचे पुढे काही वर्षे सांगलीसच वास्तव्य होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. दोन नटांनी एकमेकांना साथ देऊन जे साधले ते त्यांच्या पक्षांना साधले नाही. सरस कोण, हा वाद चालूच राहिला. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले. मृत नटाच्या बाजूने वाद घालणाऱ्याला हरविणे अशक्य असते, म्हणून त्या वादाचे आयुष्य लांबले.

परंतु ह्या प्रेमाचा खरा भार पडला तो बालगंधर्वांवर. १९११ च्या मार्चात ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. ही गोष्ट निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेही. मात्र ती सांगताना प्रेक्षकाला असे काही मागण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांच्या लुगड्याची नेसण, अंबाडा, दागिने यांचे अनुकरण सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी केले. त्यांनी उभी केलेली स्त्री घराघरांत गेल्यावर त्या वेषातून बाहेर पडण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ म्हणून पुरुषवेषात आले. लोकांना ते रुचले नाही. ज्यांना भामिनी आणि रुक्मिणी हवी होती त्यांनी एकनाथ नाकारला. पुढे साठी उलटल्यावरही हा थकलेला नट स्त्रीवेषात उभा राहत होता. त्याला कर्ज कारण होते, स्वतःची ओढ कारण होती, आणि दुसऱ्या कोणत्याही रूपात त्याला न स्वीकारणारे भक्तही कारण होते.

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. बालगंधर्वांच्या भोवती जमलेल्या वर्तुळाने ह्या स्त्रीला जितके दूषण दिले तितके कंपनी बुडविणाऱ्या कर्जालाही दिले नसेल. ती मुसलमान होती, गाणारणींच्या वर्गातून आली होती, आणि मुख्य म्हणजे आजवर पुरुषाने भूषविलेल्या जागी प्रत्यक्ष स्त्री येऊन उभी राहिली होती. मंडळीच्या ऱ्हासाचे खापर तिच्या माथी फोडले गेले. वास्तविक ऱ्हास त्यापूर्वीच सुरू झाला होता : बोलपटाने प्रेक्षक नेले होते, आणि बालगंधर्वांच्या थाटाचा खर्च उत्पन्नाला कधीच जुमानीत नव्हता. ह्या प्रकरणातील विपरीत गोष्ट अशी की गोहरबाई मंडळीत येण्यापूर्वी बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी आत्मसात करणाऱ्यांपैकी होत्या. त्यांची स्वतःची ध्वनिमुद्रिते त्या अभ्यासाची साक्ष देतात; स्वर, लगाव, शब्द टाकण्याची रीत, सारे तेथलेच. १९६४ मध्ये त्या वारल्या; बालगंधर्व त्यानंतर तीन वर्षांनी. ‘गंधर्वभक्त’ हा सामासिक शब्द त्या काळच्या लेखनात मुक्त हस्ताने वाटलेला आढळतो, वकिलांना, सावकारांना, संस्थानिकांना. गोहरबाईंच्या नावामागे तो क्वचितच लागला.