बाळंतिणीला विचारताना

बाळंतीण सुखरूप सुटली, बाळ रडलं, वजन चांगलं भरलं, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. लेबर रूममध्ये तिला कुणी कसं वागवलं, हे त्यानंतर सहसा कुणी विचारत नाही. ते विचारणं हे या अभ्यासक्षेत्राचं काम, आणि त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत.

हा विषय उशिरा पुढे आला. बाळंतपणात बायका दगावू नयेत, ही आधीची निकड होती. दवाखान्यातच बाळंतपण व्हावं म्हणून २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातली सुमारे ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांजवळ गेलं. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, पण तिथल्या वागणुकीची नोंद केसपेपरवर होत नाही. २०१० मध्ये बाउझर आणि हिल या संशोधकांनी जगभरचे दाखले एकत्र करून मारहाण, अपमान, न विचारता केलेले उपचार, आडपडदा नसणं असे प्रकार मांडले, तेव्हा या तक्रारींना अभ्यासाचा विषय म्हणून जागा मिळाली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा वागणुकीविरुद्ध निवेदन काढलं.

इथे सगळ्यात अवघड आहे ते विचारणं. ईशान्य टांझानियातल्या एका अभ्यासात दवाखान्यातून निघताना सुमारे १९ टक्के बायकांनी वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. बाळ पाच ते दहा आठवड्यांचं झाल्यावर घरी जाऊन विचारलं, तेव्हा हा आकडा २८ टक्क्यांवर गेला. मला हे या क्षेत्रातलं फार मोलाचं निरीक्षण वाटतं. डिस्चार्जचा कागद अजून सिस्टरच्या हातात असताना कोण तक्रार करील? शिवाय ‘ओरडू नको, आधी कळलं नाही का?’ हे ऐकून घ्यायचंच असतं, अशी अनेकींची समजूत असते. अशा बाईला ‘सेवा कशी होती?’ विचारलं, तर ‘चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. तिला नेमकं विचारावं. आतून तपासण्याआधी सांगितलं होतं का? पडदा ओढला होता का? टाके घालताना भूल दिली होती का? पोटावर कुणी जोराने दाब दिला का? (असा दाब देऊ नये आणि योनीमुखाशी सरसकट छेद घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.) आई किंवा बहीण कळा येताना जवळ होती का? सरकारी दवाखान्यांत अशी सोबत असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. हे प्रश्न सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारू नयेत.

सिस्टरचंही ऐकायला हवं. रात्रपाळीला एकटी, तीन टेबलांवर तीन बायका, चौथी दारात, अशा वेळी तिचा आवाज चढतो. त्याने थप्पड माफ होत नाही. पण तिच्यावर सगळा दोष टाकून अभ्यास संपवणाऱ्यांना लेबर रूम अर्धीच दिसलेली असते. म्हणून मुलाखतींच्या यादीत बाळंतिणींसोबत सिस्टर, आया आणि सोबत येणाऱ्या आशाताईंचीही नावं असू द्या, आणि वॉर्डात निदान एक रात्र जागून काढा.