मॉरिशस : दिलेला शब्द आणि तो पाळण्याची ताकद

मंडळी, ४ सप्टेंबर १९९२ रोजी मॉरिशसनं जैवविविधता कराराला मान्यता दिली. जगात सगळ्यांत आधी. कान्ट वाचताना आपण एक सूत्र शिकलो होतो : जे करणं शक्य आहे, त्याचंच कर्तव्य सांगता येतं. मग शब्द देताना या एवढ्याशा देशाकडे तो पाळण्याची ताकद होती का?

थोडं मागे जाऊ. १५९८ मध्ये इथे डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. पुढे फ्रेंच आले, इंग्रज आले, उसासाठी रान तुटत गेलं. त्या उसाच्या मळ्यांवर मुंबई बंदरातून गिरमिटिये गेले, त्यांत मराठी माणसंही होती. आज चांगलं मूळ जंगल २ टक्क्यांहूनही कमी उरलंय. म्हणजे १९६८ साली स्वतंत्र झालेल्या देशाच्या पदरात जुनं कर्ज आधीच पडलेलं होतं.

तरी काय झालं बघा. १९७४ मध्ये तिथल्या केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे रानात फक्त ४ पक्षी माहीत होते. जंगलतोड आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, दोन्ही त्याच्या मुळावर आले होते. १९७९ मध्ये कार्ल जोन्स तिथे गेले. घरट्यातली पहिली अंडी उचलून उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, ही त्यांची युक्ती. नव्वदच्या दशकात संख्या शेकड्यांत गेली. पण पैसा आणि तज्ज्ञ बरेचसे बाहेरचे होते, हे विसरू नये.

जंगलाचं काम आणखी चिवट. कुंपण घालून चिनी पेरूसारखी बाहेरून आलेली झाडं हातानं उपटायची. थांबलं की रान पुन्हा भरतं. त्यासाठी दरवर्षी मजूर लागतात, दरवर्षी पैसा लागतो.

आणि २०१५ मध्ये याच देशानं लिची-आंब्याच्या बागांसाठी ३० हजारांहून अधिक फळखाऊ वटवाघळं मारली. ती स्थानिक जात, रानातल्या झाडांचं बी पसरवणारी. २०१८ मध्ये तिची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. बागायतदारांचं नुकसान खोटं नव्हतं. पण जाळ्यांचा उपायही माहीत होता.

तेव्हा ज्ञान होतं, हातही होते. कमी पडली ती गाऱ्हाणं घेऊन आलेल्या आपल्याच माणसांना ‘दुसरा मार्ग काढू’ म्हणण्याची ताकद. ती बाहेरून आणता येत नाही. कान्टच्या सूत्रात ‘शक्य’ म्हणताना आपण हीही धरतो का, याचा विचार करून या.