पॅरिस ते ब्रेस्त आणि परत

वर्गात एखाद्या शर्यतीची हकीकत सांगू लागलो की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, पहिला कोण आला?” फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकलफेरीपुरते पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर साठ वर्षे मोठ्या थाटात दिले गेले आणि पुढे प्रश्नच निकालात निघाला.

पॅरिसहून पश्चिमेच्या समुद्रकाठी असलेल्या ब्रेस्त बंदरापर्यंत जायचे आणि परत यायचे. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. ही कल्पना ‘ल पती जूर्नाल’ या वृत्तपत्राचे पिएर जिफार यांची. खप वाढावा हा हेतू त्यामागे होताच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. ६ सप्टेंबर १८९१ रोजी दोनशेहून अधिक स्वार निघाले. प्रवेश फक्त फ्रेंच पुरुषांना होता. वाटेत कोणी सायकल बदलू नये म्हणून प्रत्येक यंत्राला मोहोर लावली होती.

हवा भरलेली धाव तेव्हा अगदी नवी होती. मिशेलिनच्या धावांवर शार्ल तेरों, तर डनलॉपच्या धावांवर जियेल-लाव्हाल; तेव्हा दोन कारखान्यांचीही ती झुंजच होती. परतीच्या वाटेवर जियेल-लाव्हाल पुढे होता, पण थकून झोपला. तो झोपेत असतानाच तेरों त्याच्या पुढे निघून गेला आणि ७१ तास २२ मिनिटांत पॅरिसला पोहोचला. कासव आणि सशाची गोष्ट कोणास आठवेल. परंतु इथे कासवही काही हळू चालणारे नव्हते!

शर्यत दहा वर्षांनी एकदा होऊ लागली. १९०१ साली मोरिस गारँ, तर १९३१ साली ऑस्ट्रेलियाचा ह्यूबर्ट ऑपरमन विजयी झाला. १९५१ साली मोरिस दियो ३९ तासांच्या आत परतला. धंदेवाईक स्वारांची ती शेवटची शर्यत. पुढे त्यांच्याकडून पुरेशी नावेच आली नाहीत.

फेरी मात्र संपली नाही, कारण १९३१ पासूनच हौशी स्वारही, स्त्रियांसह, तिच्यात होते. आज ‘ओदाक्स क्लब पारिझियँ’ ही संस्था दर चार वर्षांनी ती भरवते. त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या मुदतीत पुऱ्या केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. जास्तीत जास्त मुदत ९० तासांची, आणि झोप, जेवण, पंक्चर, सारे तीतच बसवावे लागते. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा. ठाणे उघडण्याची व मिटण्याची वेळही ठरलेली. रात्री दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. आपल्या माणसांची मदत घ्यायची ती ठाण्यावरच, मधल्या रस्त्यात नाही.

मला यातला हा शेवटचा नियम सर्वांत कठीण वाटतो. चढ एकत्र मोजले तर ते एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक भरतात, आणि त्या चढांवर मध्यरात्री साखळी तुटली, तर ती स्वतःच जोडावी लागते. अर्थात वाटेवरचे गावकरी दाराशी टेबल मांडून कोणालाही कॉफी पाजतात, त्याला नियमाची आडकाठी नाही.

पन्नास तासांत परतणाऱ्याला आणि एकोणनव्वदाव्या तासाला धापा टाकत येणाऱ्याला पदक एकच मिळते. वर्गातल्या मुलांना हे पटत नाही. “मग गुरुजी, जिंकला कोण?” ते पुन्हा विचारतात.