दुधाच्या बाटलीचा पूर्वेतिहास
व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडात काचेच्या चपट्या बाटलीस लांब रबरी नळी व तिच्या टोकास बोंडी जोडलेले जे साधन घरोघरी प्रिय झाले, त्याची सोय अशी की पाळण्यातले अर्भक कोणाच्याही साहाय्यावाचून स्वतःच दूध ओढू शके. परंतु त्या नळीचा अंतर्भाग धुणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे साचल्या दुधात रोगजंतूंची बेसुमार वृद्धी होई, आणि त्यापायी किती कोवळे जीव गेले असतील या विचाराने आजही मन व्याकूळ होते. तिला पुढे ‘खुनी बाटली’ हेच नाव पडले. फ्रान्सने १९१० साली कायदा करून अशा नळीच्या बाटल्यांची विक्री मना केली.

त्याआधीच, १८९० नंतरच्या दशकात, दोन्ही तोंडे उघडी असलेली होडीच्या आकाराची बाटली निघाली होती. तिच्यातून पाण्याची धार आरपार जाई, एवढ्या एका गुणाने ती श्रेष्ठ ठरली. आपल्याकडचे चोचीचे उघडे बोंडलेही याच कारणाने निर्धोक, असे माझे मत आहे.

भारतात १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीस मज्जाव केला व मानक-चिन्हाची अट घातली. नव्या मातापित्यांनी ते चिन्ह अवश्य पाहावे, आणि जिचा कानाकोपरा घासता येत नाही ती बाटली घेऊ नये.