परीक्षणाविना राहिलेली तबकडी : ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ आणि मुंबईचे सत्तरचे दशक

#थ्रेड

आज एखाद्या बँडचा नवा अल्बम मध्यरात्री प्रसिद्ध होतो आणि सकाळच्या चहापर्यंत त्याच्यावर निकालही लागलेला असतो. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडच्या ‘ऑब्सेशन ’७७’ या लाँगप्ले तबकडीला मात्र लक्षपूर्वक ऐकणारे कान मिळायला सुमारे तीन दशके जावी लागली. उपेक्षित कलाकृतीबद्दल ‘ती काळाच्या पुढे होती’ असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. येथे ते उत्तर पुरेसे नाही. ही तबकडी आली तेव्हा तिच्याविषयी लिहू शकेल अशी जागाच उरलेली नव्हती, आणि ती जागा का उरली नाही याला स्वतःचा इतिहास आहे.

तो सुरू होतो सिगारेटच्या जाहिरातीपासून. सिमला या सिगारेटच्या प्रचारासाठी भरवलेल्या ‘सिमला बीट’ या अखिल भारतीय स्पर्धेतून देशभरातील तरुण बँड पुढे आले, आणि १९७० व १९७१ या दोन वर्षांच्या निवडक गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. त्या मुख्यतः प्रचाराच्या वस्तू होत्या. त्यांच्यावर संगीत म्हणून कोणी गांभीर्याने लिहावे, अशी अपेक्षा काढणाऱ्यांचीही नसावी.

१९७१ सालीच लोणावळ्यापलीकडे मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या माळावरचा संगीत महोत्सव झाला. त्याला पुढे ‘भारताचे वुडस्टॉक’ म्हटले गेले. वाशीच्या खाडीवरचा पूल तेव्हा झालेला नव्हता. तो १९७३ चा. मुंबईहून मोटारीने पुण्याकडे जाणारा ठाणे-मुंब्र्याचा वळसा घेऊन पनवेलला येई आणि मग घाटाची वाट धरी. विद्युत गिटारी नि ध्वनिवर्धक घेऊन घाट चढण्याइतकी हौस त्या पिढीत होती, हे नोंदवून ठेवावे.

हौस होती, पण पोट हॉटेलांवर चाले. ताजमहाल हॉटेलातील ‘ब्लो अप’ या डिस्कोथेकमध्ये ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ वाजवत असे. तेथील श्रोत्याला परदेशी तबकडीवर ऐकलेले गाणे हुबेहूब हवे असे. बँडचे कौशल्य त्या साम्यावर मोजले जाई. स्वतःची रचना हा कार्यक्रमातील मधला चहा. परीक्षणाची ही पहिली, अलिखित कसोटी होती, आणि ती नव्या संगीताच्या मुळावर येणारी होती. ‘ऑब्सेशन ’७७’वर स्वतःच्या रचनांच्या शेजारी जिमी हेंड्रिक्सचे गाणे बसलेले दिसते, त्याचे कारण या कसोटीत शोधावे लागते.

लिखित कसोटीचे काय? त्या पिढीचे हक्काचे पान म्हणजे कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे ‘जे.एस.’ हे इंग्रजी साप्ताहिक. डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली १९६७ पासून त्याने बँडांची छायाचित्रे, बातम्या, मते छापली. १९७७ साली ते बंद पडले. तबकडीच्या नावातला आकडा आणि या साप्ताहिकाच्या अखेरचे वर्ष एकच असावे, हा दुर्दैवी योग.

मराठीत संगीतसमीक्षा नव्हती असे मुळीच नाही. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर केलेले लेखन आजही मार्मिक वाटते. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला त्यांनी दिलेले आटोपशीर, भावगीताकडे झुकणारे संगीत रूढ नाट्यसंगीताहून वेगळे होते, तरीही त्याचा विचार झाला. कारण ते रंगभूमीवरून आले. मराठी समीक्षेचा दरवाजा नाट्यगृहातून उघडत असे. हॉटेलातील इंग्रजी गाणे त्या दरवाजापर्यंत पोहोचतच नव्हते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’ आणि काही काळ ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडांतून गायला. १९७४ साली ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्युडास झाला. मराठी प्रेक्षकांना तो खऱ्या अर्थाने भेटला १९७८ साली, ‘तीन पैशाचा तमाशा’त. ब्रेख्तच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केले होते. त्यात लावणी आणि नाट्यपदाच्या पंगतीला नंदूचे पाश्चात्त्य ढंगाचे गाणे बसले. तोच गळा, तोच बाज. फक्त आता समोर नाटकाचे परीक्षण लिहिणारे बसलेले होते.

दरम्यान हवा पालटली. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटातून नाझिया हसनचा आवाज घरोघर पोहोचला आणि गिटारच्या जागी डिस्कोचा ठेका आला. ‘ऑब्सेशन ’७७’ विस्मरणात गेली.

तिला बाहेर काढले ते परदेशी संग्राहकांनी. जुन्या, दुर्मीळ तबकड्यांतील ढोल-बासचे तुकडे हुडकणाऱ्या या मंडळींना तिचे शीर्षकगीत सापडले. २०११ साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन रेकॉर्ड्स’ने बँडचे ध्वनिमुद्रण पुन्हा प्रसिद्ध केले, आणि ज्याला ताजमधील श्रोत्यांनी मधला चहा मानले असते त्याच भागाची वाहवा झाली. कसोटी पूर्ण उलटी फिरली होती. हेंड्रिक्सची हुबेहूब आठवण आता कोणालाच नको होती. हवा होता ‘भारतीय’ वेगळेपणा. हाही निवाडा निर्मळ म्हणता येत नाही. मुंबईचा एक बँड फंकच्या ठेक्यावर इतक्या सहजतेने चालतो, याचे नवल वाटण्यात थोडी वरून पाहणारी नजर आहेच. तरीही या नवलामुळेच ध्वनिमुद्रण वाचले, हे मान्य करणे भाग आहे.

या पिढीवरचे सिद्धार्थ भाटिया यांचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक २०१४ साली आले. त्याच वर्षी ११ एप्रिलला नंदू भेंडे यांचे निधन झाले. वडील आत्माराम भेंडे तेव्हा हयात होते.