यातेंगातले दगडी बांध आणि झाई

बुर्किना फासोच्या उत्तरेकडचा यातेंगा हा मोसी शेतकऱ्यांचा प्रदेश. ज्वारी-बाजरी ही तिथली मुख्य पिके. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात युरोपीय निधीतून यंत्रांनी अनेक गावांच्या शिवारांत मातीचे बांध घातले गेले. शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते; त्यामुळे बांध फुटले तेव्हा ते दुरुस्त करायलाही कोणी पुढे आले नाही. १९६८ ते १९७३ च्या साहेल दुष्काळाने परिस्थिती आणखी बिघडवली. जमिनीवर टणक पापुद्रा धरला, पावसाचे पाणी मुरेनासे झाले आणि अनेक कुटुंबे गाव सोडून दक्षिणेकडे गेली.

१९७९ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेने यातेंगात झाडे लावण्याचे काम सुरू केले. शेतकऱ्यांना मात्र आधी धान्य हवे होते, म्हणून कामाचा रोख शेतात पाणी मुरवणाऱ्या, समतल रेषेवरच्या दगडी बांधांकडे वळला. जवळजवळ सपाट जमिनीत समतल रेषा डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून तिच्यात पाणी भरत. दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर आले की त्या जागा एका पातळीत आहेत असे समजे. हे स्वस्त साधन निरक्षर शेतकरीही चटकन शिकले.

त्याच सुमारास गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो यांनी ‘झाई’ या जुन्या पद्धतीत सुधारणा केली. उन्हाळ्यात वीतभर रुंद-खोल खड्डे खणून त्यांत शेणखत टाकायचे. खताच्या ओढीने वाळवी येते, तिच्या बिळांतून पाणी मुरते आणि पाऊस पडताच त्याच खड्ड्यांत पेरणी होते. सावादोगो यांनी १९८४ पासून गुर्ग्यात बाजार भरवून बियाणे व अनुभव यांची देवाणघेवाण सुरू केली. १९८९ मध्ये नायजर देशातल्या इलेला भागातून तेरा शेतकरी यातेंगात आले. परतल्यावर त्यांनी हीच पद्धत आपल्या शेतांत वापरली.

या पद्धतींनी बुर्किना फासोच्या मध्य पठारावर दोन ते तीन लाख हेक्टर जमीन पुन्हा लागवडीखाली आल्याचा अंदाज आहे. मर्यादाही उघड आहेत. एका हेक्टरातले खड्डे खणायला शेकडो तास राबावे लागते, आणि ज्याच्या दावणीला गुरे नाहीत त्याला खत मिळत नाही. त्यामुळे सर्वांत गरीब घरांना लाभ कमी झाला. सावादोगो यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्रांनी घातलेले बांध टिकले नाहीत. शेतकऱ्यांनी स्वतःच्या गरजेने स्वीकारलेली पद्धत मात्र शेजारच्या देशातही रुजली.