बफरचा हिशेब

डिस्क बफरची तब्येत एका आकड्यात सांगता येते, ही समजूत डेटाबेसच्या जगात फार जुनी आहे. मागितलेलं पान मेमरीत सापडलं तर 'हिट', डिस्कवर जावं लागलं तर 'मिस'. शंभरातल्या हिट मोजल्या की झालं. या समजुतीला भक्कम पाया होता. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये 'वर्किंग सेट'ची कल्पना मांडली: प्रोग्रामला एका वेळी मोजकीच पानं लागतात आणि तेवढी मेमरीत राहिली की काम भागतं. टँडेम या संगणक कंपनीतल्या जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी 1987 मध्ये त्याला पैशाचा हिशेब जोडला. तेव्हाच्या किमतींनुसार, साधारण पाच मिनिटांत पुन्हा लागणारा मजकूर मेमरीत ठेवणंच स्वस्त पडत होतं. दोन्ही मांडण्यांचा विषय एका यंत्राची मेमरी हा होता, आणि तिथे एक टक्केवारी बऱ्यापैकी पुरते. अनेक यंत्रांच्या क्लस्टरमध्ये मात्र ती का अपुरी पडते, हे एनडीबी क्लस्टर या डेटाबेसच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

एनडीबीचा जन्म स्वीडनमध्ये, टेलिफोन यंत्रणा बनवणाऱ्या एरिक्सनमध्ये झाला. मिकाएल रोनस्ट्रॉम यांनी 1990 च्या दशकात त्याची रचना केली. फोन जोडताना डिस्कची वाट पाहणं परवडणारं नव्हतं, म्हणून सगळा डेटा मेमरीत आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्रांवर, असं त्याचं सूत्र ठरलं. 2003 मध्ये मायएसक्यूएल कंपनीने हे तंत्र विकत घेतलं आणि त्याचा वापर टेलिकॉमबाहेर पसरला. डेटा मेमरीत मावेना, तेव्हा मायएसक्यूएल 5.1 च्या काळात इंडेक्स नसलेले कॉलम डिस्कवर ठेवायची सोय झाली. तिच्याबरोबरच 'डिस्क पेज बफर' आला, म्हणजे मुळात डिस्क टाळण्यासाठी बांधलेल्या घराला मागाहून काढलेली पडवी. तिच्यावर नजर ठेवायची नीट सोय आणखी उशिरा झाली. क्लस्टरच्या आतली स्थिती साध्या एसक्यूएलने विचारता येईल असा 'एनडीबीइन्फो' 2010 मध्ये, 7.1 आवृत्तीत आला आणि पुढे त्यात 'डिस्कपेजबफर' नावाचं टेबल दाखल झालं.

या टेबलाची रचनाच पुरेशी बोलकी आहे. त्यात क्लस्टरचा एकच एकूण आकडा नाही. प्रत्येक नोडच्या ओळी वेगळ्या आहेत. पानांच्या मागण्यांचेही तीन कप्पे केले आहेत: लगेच मिळालेली पानं, रांगेत थांबून मिळालेली पानं आणि डिस्कवरून आणावी लागलेली पानं. बदलांची नोंद ठेवणारा लॉग डिस्कवर जाईपर्यंत किती लेखनं अडली, याचा कॉलम निराळा. म्हणजे बफर अपुरा पडणं, डिस्क मंद असणं आणि लॉग तुंबणं या तीन दुखण्यांच्या खुणा वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात. नुसत्या टक्केवारीत त्या एकमेकींत मिसळून जातात.

यावर पहिला आक्षेप असा की खुद्द एनडीबीचं मॅन्युअलच हिट रेशो, म्हणजे हिटची टक्केवारी, काढायला सांगतं आणि तो 95 टक्क्यांखाली गेला तर बफर वाढवा म्हणतं. खरं आहे, पण तिथेही रेशो नोडगणिक काढलेला आहे. समजा चार नोडवर सारख्याच मागण्या येतात आणि त्यांचे रेशो 99, 99, 99 आणि 83 आहेत. सरासरी बरोबर 95 भरते, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. प्रत्यक्षात चारही नोडना हात घालणारी क्वेरी चौथ्या नोडपाशीच ताटकळते. शिवाय हे आकडे साचत जाणारे आहेत. अनेक आठवडे सुरू असलेल्या नोडवर गेल्या दहा मिनिटांतली घसरण एकूण रेशोत जेमतेम दिसेल. ती पकडायची तर दोन नोंदींमधला फरकच काढावा लागतो.

दुसरा आक्षेप एसएसडीचा: डिस्कच वेगवान झाली, मग बफरची एवढी चिंता कशाला? फिरत्या डिस्कला काही मिलिसेकंद लागत, एसएसडीला साधारण शंभर मायक्रोसेकंद लागतात, हे मान्य. पण मेमरी शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास उत्तर देते, म्हणजे अंतर अजूनही हजारपटीच्या घरात आहे. एसएसडीमुळे मिसची किंमत उतरली, पण रांगेत थांबलेल्या मागण्या आणि लॉगसाठी अडलेली लेखनं मोजायची गरज संपली नाही. टक्केवारी धोक्याची घंटा म्हणून जरूर ठेवावी; बफर वाढवायचा, डिस्क बदलायची की लॉगकडे बघायचं, हा निर्णय मात्र प्रत्येक नोडच्या तीन कप्प्यांतले आणि लॉगच्या कॉलममधले फरक पाहूनच घ्यावा.